डायलिसिस चुकवू नका, वचनही सोडू नका

वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"जय ख्रिस्त. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या काढल्या. आमच्या घराच्या वाट्याला यिर्मया २९:११ आलं. देवाचे आमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. चिठ्ठी फ्रिजवर लावली. मार्चमध्ये मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता आठवड्यातून तीनदा नगरला डायलिसिस. बाहेरगावाहून एक सेवक प्रार्थनेला येतात. ते म्हणाले, 'मशीन लावून घेणं म्हणजे अविश्वास. एकवीस दिवस उपास धरा, मशीन बंद करा आणि बरे झाल्याची साक्ष आधीच द्या.' विश्वासाची पेरणी म्हणून मोठी रक्कमही मागितली आहे. सासूबाईंना ते पटलंय, त्या वीस गुंठे विकायला तयार आहेत. मिस्टर गप्प असतात. मुलगी दहावीत आहे. ती विचारते, 'देवानं वचन दिलंय ना, मग पप्पा बरे होणार ना?' मला मशीन बंद करायची भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?"
एक बहीण, अहिल्यानगर जिल्हा

ताई, जय ख्रिस्त.

बाकी सगळं नंतर. डायलिसिसची पुढची पाळी चुकवायची नाही, त्यानंतरचीही नाही. किडन्या निकामी झालेल्या माणसाच्या अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत राहतं. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय बंद पडू शकतं. पुष्कळदा आधी काही लक्षणही दिसत नाही. पाणी फुफ्फुसांत साचलं की माणसाला आडवं पडवत नाही, रात्रभर उशीला टेकून बसावं लागतं. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसानं डायलिसिस थांबवलं तर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत जीव जातो. म्हणजे एकवीस दिवस हा आकडा काय आहे ते तुमच्या लक्षात येईल. मिस्टरांनी उपासही धरायचा नाही. मशीनवर प्रथिनं थोडी वाहून जातात, म्हणून या रुग्णांना ती जास्तच लागतात. उपास धरावासा वाटला तर तो तुम्ही धरा, एक वेळचा, सकाळची एसटी गाठताना चक्कर येणार नाही इतपत.

तुम्हाला भीती वाटते, कारण धोका तुम्हाला बरोबर दिसतो आहे. तिला अविश्वास म्हणायचं कारण नाही.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. चिठ्ठीवर एक ओवी मावते, अध्याय मावत नाही. दोष चिठ्ठीचा नाही, पण आज रात्री यिर्मयाचा २८वा आणि २९वा अध्याय सलग वाचा. पंधरा मिनिटं लागतील. हे वचन सुटं आलेलं नाही, ते एका पत्राच्या मधोमध आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमातून राजा, अधिकारी, कारागीर यांना धरून नेलं. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्यानं हे पत्र पाठवलं.

त्याच्या अलीकडच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो मंदिरात, सगळ्या लोकांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि मंदिरातली पात्रंही. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, तेही तो पुढे मोडून टाकतो. हनन्याच्या बोलण्यावर यिर्मयाचं पहिलं उत्तर काय आहे? "आमेन, परमेश्वर असंच करो." सुटकेची इच्छा त्यालाही होती. पण हनन्यानं देवाच्या नावावर जी तारीख घातली होती, ती त्यानं मान्य केली नाही. हनन्या त्याच वर्षी, दोन महिन्यांनी मेला.

मग २९व्या अध्यायातलं पत्र सुरू होतं. घरं बांधा आणि राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आठव्या-नवव्या ओवीत, तुमच्यामधल्या संदेष्ट्यांना तुम्हाला फसवू देऊ नका. दहाव्या ओवीत मुदत येते: सत्तर वर्षं. त्यानंतर अकरावी, तुमच्या फ्रिजवरची.

ज्यांनी हे पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक लोक परत जाऊ शकले नाहीत, बाबेलमध्येच मेले. तरी वचन खोटं ठरलं नाही, त्यांच्या मुलानातवंडांनी परतीची वाट धरली. हे वचन एका समाजाला दिलेलं होतं आणि एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांबीचं होतं. ते तुमचंही आहे का? आहे. ख्रिस्तात देवाच्या सगळ्या अभिवचनांना 'होय' मिळालं आहे, असं पौल २ करिंथ १:२० मध्ये लिहितो. पण तुमच्यापर्यंत येताना वचनाचा आशय बदलत नाही. देवाचा आपल्याविषयीचा हेतू चांगला आहे, तो लांबच्या वाटेनंही पुरा होतो आणि वाटेत घर चालवायचं असतं, एवढं त्यात आहे. या डिसेंबरपर्यंत किडनी चालू होईल, असं त्यात नाही. आणि गंमत बघा, मशीन बंद करायला सांगणारे हेच वचन पुढे करतात, ज्याच्या दोनच ओव्या आधी अशांपासून सावध राहायला सांगितलं आहे.

'मशीन म्हणजे अविश्वास' याला शास्त्रातच उत्तर आहे. २ राजे, अध्याय २०. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशया आधी सांगून गेला की तू वाचणार नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडला. यशया अजून मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तेवढ्यात त्याला परत पाठवलं गेलं: तिसऱ्या दिवशी तू मंदिरात जाशील, तुझ्या आयुष्याची पंधरा वर्षं वाढवली आहेत. इतकं स्पष्ट, नावानिशी, मुदतीसह दिलेलं वचन. आणि पुढच्याच ओवीत यशया म्हणतो, अंजिरांची चकती आणा. ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. वचन देणाऱ्या देवानं लेप नको म्हटलं नाही. तुमच्या घरी लेपाच्या जागी नगरचं मशीन आहे. पौलासोबत लूक होता, तो वैद्य. आपल्या सोबती त्रफिमाला पौलानं आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवलं, आणि तीमथ्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस सुचवला. पौलाचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही.

याहून थेट उदाहरण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि स्तोत्र ९१ ऐकवतो: देवदूत तुला झेलतील, उडी टाक. वचन खरं होतं, त्याचा वापर खोटा होता. येशूनं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या आज्ञेनं उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नकोस. चालू उपचार तोडून 'आता देवा दाखव' म्हणणं आणि ती उडी, यांत आम्हाला फरक दिसत नाही.

मग देव मशीनशिवाय बरं करू शकत नाही का? करू शकतो, आणि तसं मागायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. रोज मागा. पण बरं झाल्याची खूण तपासता येते. लघवीचं प्रमाण वाढतं, दोन पाळ्यांच्या मधल्या काळातले रिपोर्ट सुधारतात, मग डॉक्टरच पाळ्या कमी करतात. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केल्यावर पहिल्यांदा काय सांगितलं? जाऊन स्वतःला याजकाला दाखव. म्हणजे त्या काळची तपासणी. तेव्हा आधी रिपोर्ट, मग साक्ष. यात एक फसगत हमखास होते. डायलिसिस झाल्याबरोबर घेतलेल्या रक्तात क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) कमीच दिसतं, कारण मशीननं नुकतंच रक्त धुतलेलं असतं. तो कागद प्रार्थनासभेत फिरतो, टाळ्या पडतात, आणि पाळी चुकवली जाते. नेहमी पाळीच्या आधीचा रिपोर्ट पाहा आणि तो डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

साक्षींबद्दल आणखी एक. माइक बरे झालेल्यांच्या हातात जातो. चार वर्षं डायलिसिसवर राहून विश्वासात टिकलेल्या माणसाला पुढे बोलावलं जात नाही. त्यामुळे बाकावर बसलेल्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनचंच बघा. प्रार्थनेवर धान्य आलं, पैसा आला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. तिथं विहिरी खोदल्या, शेती केली, माग आणि छापखाना चालवला, हे जरा कमी सांगतो. आणि पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली, हे तर क्वचितच. रमाबाईंनी त्यानंतरही बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या.

तर मग धरून काय बसायचं? जी वचनं प्रत्येक विश्वासणाऱ्याला, बिनतारखेची, आजच्या आज लागू आहेत, ती. मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही (इब्री १३:५). माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२:९). हे उत्तर पौलाला तीनदा मागूनही शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, न निघाल्यावर मिळालं, हे विसरू नका. ज्ञान उणं असेल तर मागा, देव दोष न लावता देतो (याकोब १:५). उपचाराचे निर्णय घेताना हे रोज उपयोगी पडेल. आणि रोम ८:३८-३९. पौल तिथं ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू न शकणाऱ्या गोष्टींची यादी देतो आणि तिची सुरुवातच मरणानं करतो. म्हणजे सगळ्यात वाईट शक्यता या वचनानं आधीच हिशेबात घेतलेली आहे. एका ओळीनं सगळं पेलायचं असेल तर तुमच्या फ्रिजवर आम्ही ही ओळ लावू. यिर्मयाची चिठ्ठी काढायची गरज नाही, शेजारी असू द्या.

नवीन वचन समोर आलं की चार गोष्टी पाहायच्या: कोण कुणाला बोलतंय, अट काय, मुदत दिली आहे का, आणि ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानानंतर ते कसं वाचायचं. अब्राहामाला मुलगा मिळेल हे वचन अब्राहामाचं. त्यातून देव कसा आहे हे आपण शिकतो, पण त्याचा पाळणा आपल्या घरात हलेलच असं नाही. तोही पंचाहत्तराव्या वर्षी घरातून निघाला आणि शंभराव्या वर्षी इसहाक झाला. मधल्या पंचवीस वर्षांत तो हसला, चुकला, दासी हागारेकडून मूल मिळवायचा मार्ग काढून बसला. तरी नवा करार त्याला विश्वासाचा बाप म्हणतो.

प्रार्थनेचं म्हणाल तर डायलिसिसचे चार तास लांब प्रार्थनेसाठी धरू नका. मिस्टरांचं बीपी खाली येतं, पायात गोळे येतात, मळमळतं. एक स्तोत्र पुरे. स्तोत्र १३ पासून सुरू करा, ते जेमतेम सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर?' आहे. मधल्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. अडचण ही होते की आपल्या मंडळ्यांत शेवटच्या दोन ओव्याच म्हणायची सवय आहे. 'कसं चाललंय?' 'प्रभूची कृपा!' आणि घरी येऊन रडायचं. पहिल्या दोन ओव्या मोठ्यानं म्हणा, मिस्टरांनाही म्हणू द्या. ते गप्प असतात असं तुम्ही लिहिता. तक्रार केली तर विश्वास गेला असं लोक म्हणतील, ही धास्ती त्यांना असावी. ज्या दिवशी भरवशाच्या ओव्या तोंडातून येणार नाहीत त्या दिवशी स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. शब्दच सुचले नाहीत तर आत्मा कण्हून मध्यस्थी करतो (रोम ८:२६). वचन जपासारखं शंभरदा म्हणून काही होत नाही, एकदा समजून म्हणा. एक वही ठेवा. तारीख, काय मागितलं, काय मिळालं, एवढंच लिहा. 'आज एसटीत बसायला जागा मिळाली' हेही लिहा. तीन महिन्यांनी ती वही सासूबाईंना वाचून दाखवा.

'माझा विश्वास कमी का?' याचं उत्तर मार्क ९:२४ मध्ये एका बापानं देऊन ठेवलंय. मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर येशूनं त्याला परत पाठवलं नाही.

आता पैसा आणि जमीन. पेरणीच्या नावाखाली एक रुपया देऊ नका. दान मनात ठरवल्याप्रमाणे, सक्ती नसताना द्यायचं (२ करिंथ ९:७). आणि मार्क ७ मध्ये येशूनं कुर्बानाचा विषय काढलाय: आईबापांना लागणारा पैसा 'देवाला अर्पण केला' म्हणून मोकळं होणाऱ्यांना त्यानं चांगलंच सुनावलं. आजारी माणसाच्या औषधाचा पैसा अर्पणाच्या पेटीत टाकणं त्याच जातीचं. यिर्मयाच्याच पुस्तकात पुढे ३२वा अध्याय आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहाऱ्यात, आणि तो अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतो. साक्षीदार, मोहोरबंद खरेदीखत, त्याची उघडी प्रत, आणि ती दोन्ही टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात. देवावर भरवसा ठेवणारा माणूस कागदपत्रं किती नीट करतो ते पाहा. उपचारासाठी पुढे खरंच जमीन विकावी लागली तर त्यात पाप नाही, पण ती वेळ शेवटी. आधी सरकारी योजना.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि किडनीच्या डॉक्टरांचे कागद घेऊन त्याला भेटा. जिथं सध्या जाता ते रुग्णालय योजनेत नसेल तर जवळचं कोणतं आहे हेही तोच सांगेल. जिल्हा रुग्णालयातल्या डायलिसिस केंद्राचीही चौकशी करा. प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांनी काढला नसेल तर तुम्ही काढा. पती-पत्नी, आईवडील, भाऊबहीण, सज्ञान मुलं हे कायद्यानं जवळचे नातेवाईक आहेत, त्यांना किडनी देता येते. मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायचं असेल तर प्रतीक्षा लांबते, म्हणून उशीर नको.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचा मुलगा आहे तो. कुणी 'बरा होईल' म्हटलं की आईचा जीव तिकडे धावणारच. त्यांना नुसतं 'नाही' म्हणण्याऐवजी याकोब ५:१४ पुढे ठेवा. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे ओळखीचे, मंडळीला जबाबदार असलेले लोक. तुमच्या पाळकसाहेबांना आणि दोन पंचांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरी बोलवा. आईंना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून पहिली प्रार्थना करू द्या. पाळकसाहेबांना आधी फोनवर सांगून ठेवा की उपचार चालू ठेवण्याबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर स्पष्ट बोलावं. पाळकानं सांगितलेलं त्या ऐकतील. त्या बाहेरच्या सेवकांना मिस्टरांनी किंवा पाळकसाहेबांनीच कळवावं, तुम्ही एकट्यानं नाही. वाक्य साधं असू द्या: प्रार्थनेला या, उपचार आणि पैसा हे विषय घरात काढू नका.

तेल कपाळालाच लावायचं. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल तर त्याच्या आसपास तेलाचं बोटसुद्धा नको, जंतुसंसर्ग होतो. हातात फिस्तुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी) असेल तर तो हात धरून, दाबून, हलवून कुणी प्रार्थना करायची नाही. आवेशात हे हटकून होतं. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, जड पिशवी नको.

मुलीला 'हो, बरे होणार' असं सांगू नका. देवानं जे म्हटलं नाही ते त्याच्या नावावर सांगितलं, आणि तसं घडलं नाही, तर ती बापाबरोबर देवालाही गमावून बसेल. तिला खरं सांगा: पप्पांचं दुखणं मोठं आहे, मशीननं लोक पुष्कळ वर्षं जगतात, आपण बरं होण्यासाठी रोज मागतो, आणि काहीही झालं तरी देव आपल्याला आणि पप्पांना सोडणार नाही. दहावीची पोर आहे, तिला हे पेलेल. प्रार्थनेत तिला तिच्या शब्दांत देवावर रागावू द्या. आणि अभ्यासाच्या वेळेला तिला दवाखान्यात बसवू नका.

महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंना आमचं हे उत्तर दाखवलंत तरी चालेल. त्यांच्याकडे तीन कामं आहेत. आठवड्यातली एक पाळी मंडळीतल्या कुणीतरी सोबत जावं, म्हणजे तुम्हाला एक दिवस सुट्टी. संध्याकाळचा डबा द्यायचा असेल तर मीठ कमी, बटाटा आणि डाळ आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणेच, आणि पाणी-ताक-सरबत मोजून, कारण दिवसभरात किती प्यायचं ते डॉक्टर ठरवून देतात. आणि भेटायला येणाऱ्यांनी शहाळं आणि केळी आणू नयेत, हे रविवारच्या सूचनांत वाचून दाखवावं. आजाऱ्याला म्हणून प्रेमानं आणलेल्या शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं.